होशरुबा दीडशे पानांनंतर जड का होतो?

प्रश्न असा आला आहे: "‘तिलिस्म-ए-होशरुबा’चा इंग्रजी अनुवाद मोठ्या हौसेनं घेतला. पहिली दीडशे पानं दोन दिवसांत संपली. पुढची दीडशे तीन महिने झाले तरी संपत नाहीत. एक जादूगार येतो, मरतो. दुसरा येतो, तोही मरतो. माणसं आतून बदलतच नाहीत. दोष अनुवादाचा, ग्रंथाचा की माझा? आणि हे मराठीत आलं तर वाचवेल का?"

गेली सव्वीस वर्षं मी उर्दूतून मराठीत अनुवाद करते. त्यातली शेवटची सहा होशरुबाच्या पहिल्या खंडातल्या चार प्रकरणांवर गेली आहेत. तुम्ही जिथे अडलात तिथे मीही अडले होते आणि तिथून सुटायला मला बराच काळ लागला. दोष तिघांपैकी कुणाचाच नाही, असं माझं आजचं मत आहे. हा ग्रंथ छापला गेला खरा, पण त्याची सगळी घडण कानासाठी झाली आहे, आणि आपण तो डोळ्यांनी, एकट्यानं, घाईनं वाचतो.

ग्रंथ काय आहे ते आधी सांगते. होशरुबा हा अमीर हमजाच्या दास्तानीचा, म्हणजे तोंडी सांगायच्या लांबलचक साहसकथेचा, एक भाग. हमजा हे पैगंबरांचे काका, इ.स. ६२५ मध्ये उहुदच्या लढाईत मारले गेले. दास्तानीतल्या अमीर हमजाशी त्यांचा संबंध नावापुरताच. फारसीत सांगता सांगता ही गोष्ट फुगत गेली आणि हिंदुस्थानात आल्यावर तर तिला धरबंदच उरला नाही. अकबरानं तिची चौदाशे चित्रं करून घेतली, कापडावर, दीड हात उंचीची, आणि मजकूर चित्राच्या पाठीवर. म्हणजे चित्र दरबारापुढे धरायचं आणि मागून वाचणाऱ्यानं मोठ्यानं वाचायचं, अशी ती योजना असावी असं मानतात. पुढे एकोणिसाव्या शतकात लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्यानं दास्तानगोंना, म्हणजे दास्तान सांगणाऱ्यांना, बसवून सगळी दास्तान लिहवून घेतली. एकूण ४६ जाडजूड खंड झाले. त्यातला होशरुबा हा सर्वांत लाडका भाग. तो फारसीत नव्हताच, इथल्या दास्तानगोंनी तो रचला. १८८३ पासून साधारण दहा वर्षांत तो छापून झाला. आधीचे चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांचे, पुढचे अहमद हुसेन कमर यांचे. पानं आठ हजारांच्या घरात. तुमच्या हातात आहे तो मुशर्रफ अली फारूकी यांचा २००९ चा अनुवाद असेल, तर तो मूळ ग्रंथाच्या फक्त सुरुवातीच्या भागाचा आहे.

आता पहिली दीडशे पानं इतकी का धावली, ते पाहू. अनुवादातून सर्वांत सुखरूप पार होते ती कल्पना. होशरुबाच्या दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या मुलखांच्या मधून वाहत्या रक्ताची नदी जाते. तिच्यावरचा पूल धुराचा. पुलाच्या तोंडाशी पहाऱ्याला असलेले दोन सिंहही धुराचे. पुलाच्या एका मजल्यावर पऱ्या उभ्या आहेत, त्या नदीतल्या माशांच्या तोंडात मोती टाकताहेत. दुसऱ्या एका मजल्यावर धिप्पाड हबशी एकमेकांवर तलवारी चालवताहेत, त्यांचं रक्त खाली पडतं आणि त्याचीच नदी झाली आहे. हे कुठल्याही भाषेत सांगा, ऐकणारा श्वास रोखून धरतोच. यात शब्दाची किमया कमी, चित्राची जास्त.

तिलिस्म म्हणजे नुसती जादू नव्हे, हेही अनुवादात टिकतं. तिलिस्म हे बांधलेलं, रचलेलं जग असतं. बांधणाऱ्यानं ते बांधतानाच त्याची मुदत ठरवलेली असते, ते कुणाच्या हातून फुटणार त्याचं नाव लिहून ठेवलेलं असतं आणि ते कसं फोडायचं हे सांगणारी एक पाटी, ‘लौह’, कुठेतरी दडवलेली असते. होशरुबा या तिलिस्माचा सम्राट अफरासियाब सर्वशक्तिमान आहे, त्याच्याकडे सगळं सांगणारी सामरीची पोथी आहे, आणि आपलं राज्य हमजाच्या नातवाच्या, असदच्या हातून जाणार हे भाकीतही त्याच्यासमोर आहे. तरी तो लढतो, दर वेळी नव्या हिकमतीनं लढतो. मला तो खलनायक कधी वाटलाच नाही. दास्तान ज्यांच्या बाजूनं सांगितली आहे त्या असदपेक्षा माझा जीव अफरासियाबात जास्त गुंतला.

आणि अय्यार. अमर अय्यार हमजाचा जिवलग, त्याच्याकडे जादू नाही, पण एक झोळी आहे, जंबील, तिच्यात अख्खी शहरं मावतात. एक जाळं आहे, ते टाकलं की रणांगणावरचा सगळा माल गोळा होतो. तो कवडीचुंबक आहे, वेष पालटण्यात कुणाला हार जाणार नाही, आणि सम्राटाच्या पट्टीच्या जादूगारांना बेशुद्धीच्या औषधानं लोळवतो. इंग्रजीत त्याला जो शब्द दिला आहे त्यातून ‘लबाड’ एवढंच पोचतं. आपल्याकडे बहुरूपी आहे, आणि बहिर्जी नाईकांच्या गोष्टी ऐकत आपण मोठे झालो आहोत. वेष पालटून शत्रूच्या गोटात शिरणारा माणूस हा स्वामिनिष्ठ वीरच असतो, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. दास्तानीतला अय्यार अगदी तोच आहे. चंद्रकांता मालिका पाहिलेल्या पिढीला तर मूळ शब्दसुद्धा पाठ आहे.

मग दीडशे पानांनंतर काय बिघडतं?

दास्तानगोच्या हुन्नरात ‘दास्तान रोखणं’ नावाची गोष्ट होती. लखनौची एक आठवण सांगतात: दास्तानगोनं प्रियकर आणि प्रेयसी यांना अशा जागी आणून उभं केलं की दोघांच्या मधे फक्त एक पडदा. तो सरकला की भेट. तिथे त्यानं गोष्ट थांबवली आणि आठवडाभरापेक्षा जास्त दिवस तो त्या पडद्याचं, दोघांच्या मनाचं, त्या घटकेचं वर्णन करत राहिला. लोक रोज येत राहिले. तेच वर्णन छापील पानावर ओळीनं तीसेक पानं आलं, तर आपण पानं उलटून भेट झाली का ते बघणार. चूक आपली नाही. कादंबरीनं आपल्याला ‘पुढे काय’ विचारायला शिकवलं आहे. दास्तानीचा श्रोता ‘आता आणखी कसं’ विचारत बसायचा. कीर्तनात उत्तररंगाला बसलेल्या माणसाला सीतेला कोणी पळवलं हे माहीत नसतं का? पांडवप्रताप, हरिविजय या पोथ्या आपल्या घरांतून चातुर्मासात वर्षानुवर्षं वाचल्या गेल्या. त्या कुणी एका रविवारी संपवायला घेतल्या नाहीत. रोज एक अध्याय, वाचणारा एक, ऐकणारे दहा.

हे मला डोक्यानं ठाऊक होतं, पण पटलं ते घरात. औरंगाबादला आईकडे असताना मी मसुदा मोठ्यानं वाचून बघत होते. ऐकायला आई, मावशी आणि अकरा वर्षांचा भाचा. एका जादूगारिणीच्या साजशृंगाराचं वर्णन होतं, सव्वा पान नुसती दागिन्यांची आणि कापडांची यादी. समासात मी पेन्सिलीनं ‘कापावं’ असं लिहून ठेवलं होतं. वाचताना मी ती यादी गाळली. मावशी मेथी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "अगं, ती सजून आली म्हणालीस, काय काय घातलं होतं ते सांग की." मग मी सगळं वाचलं. तिनं मला मधे थांबवलं, "बाजूबंद कशाला, वाकी म्हण. आणि हे कमरेचं दुसऱ्यांदा आलं." मी मूळ पाहिलं. कमरेचं खरंच दुसऱ्यांदा आलं होतं, पण दुसरा शब्द वेगळ्या दागिन्याचा होता आणि मी दोन्हींना एकच मराठी शब्द दिला होता. ज्या परिच्छेदात वाचकाचा डोळा घसरत जातो, त्यात ऐकणाऱ्या बाईनं माझी चूक पकडली. पेन्सिलीची खूण मी त्याच रात्री पुसली.

तुम्ही लिहिलंत की जादूगार येतो आणि मरतो. होशरुबात जादूगार मेला की दर वेळी एकच प्रकार घडतो: अंधार होतो, वादळ सुटतं, दगड आणि आग बरसते, आणि कुठूनतरी आरोळी उठते की मला मारलं, माझं नाव अमुक जादू होतं. डोळ्यांनी वाचताना चौथ्या वेळी आपण ती ओळ ओलांडतो. भाच्यानं तिसऱ्या वेळेपासून ती माझ्याबरोबर म्हणायला सुरुवात केली. पाचव्या वेळी तो माझ्या आधीच ओरडला, आणि जादूगार मेला नव्हता, अय्यारांनी तसा देखावा केला होता. त्याला बसलेला धक्का मी पाहिला. तो धक्का बसावा म्हणूनच आधीच्या चार आरोळ्या शब्दाला शब्द सारख्या ठेवायच्या असतात. त्या आरोळ्या संक्षिप्त आवृत्तीत गेल्या की पाचवीची जागाही जाते.

म्हणून संक्षेपाबद्दल माझं मत कडक आहे. आठ हजार पानांतली सगळी पानं मराठीत आणा असं मी म्हणत नाही. ते एका माणसाच्या आयुष्यात बसणारही नाही. पण आणायचं ते अख्खं आणावं. पाच प्रकरणं घ्या, पन्नास घ्या, पण प्रकरणाच्या आत कात्री चालवू नका. कथानकाचा सांगाडा काढून ‘होशरुबाची गोष्ट’ म्हणून तीनशे पानांत दिलात, तर वाचकाला तीनशे पानांत मेलेल्या जादूगारांची नावं मिळतील, बाकी काही नाही. एका प्रकाशकानं माझ्या नव्वद पानांची तीस करून मागितली होती. मी दिली नाहीत आणि ते काम तिथेच थांबलं. त्याचं मला वाईट वाटतं, पण आजही तेच करीन.

मर्यादा मात्र आहेत आणि त्या मोठ्यानं वाचून जात नाहीत.

पहिली भाषेची. दास्तानीचं गद्य साधं नाही, ते ठिकठिकाणी यमकात चालतं. वाक्याचे तुकडे एकमेकांना टाळी देत जातात. प्रकरण सुरू होताना साकीला हाक असते, पेला भर म्हणून, आणि त्या पेल्यातून गोष्टीची आठवण येते. इंग्रजीत हे जवळजवळ सगळंच गळतं, कारण यमकातलं गद्य इंग्रजी कानाला बालगीतासारखं लागतं. अनुवादकानं सरळ गद्य पत्करलं तर त्याला बोल लावता येत नाही. पण मग त्या भाषेचा माज, तिची मस्ती पानावर उरत नाही आणि राहतो तो घटनाक्रम. तुमच्या कंटाळ्याचं निम्मं कारण इथे आहे, असा माझा अंदाज आहे.

मराठीत हे सोपं आहे का? सोपं नाही, पण वाट आहे. लढाईच्या सकाळचं एक साधं वाक्य होतं. मी पहिल्यांदा लिहिलं: "सकाळ झाल्यावर दोन्ही बाजूंचे सैनिक तयार होऊन मैदानात आले." वर्तमानपत्रातली बातमी. दुसऱ्यांदा लिहिलं: "अरुणोदय होताच उभय सैन्ये सुसज्ज होऊन समरांगणी पातली." ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लगेच कुरुक्षेत्र उभं राहिलं, सुवर्णमुकुटांसकट. मग मी महिनाभर भाऊसाहेबांची बखर पुन्हा वाचत बसले आणि तिसरं वाक्य आलं: "रात्र सरली, नौबत झडली, जिनं कसली, निशाणं उभारली, दोन्ही फौजा कूच करून मैदानी येऊन ठाकल्या." हे दास्तानीच्या घरातलं वाटतं. बखरीचं गद्य फारसी वळणाचं आहे, त्यात ठेका आहे. कूच, मुक्काम, खिलत, नजराणा, जासूद, चोपदार, शामियाना हे शब्द इंग्रजी अनुवादकाला समजावून सांगावे लागतात. आपल्या जुन्या दप्तरांत ते रोजचे आहेत. गेल्या दीडशे वर्षांत मराठी गद्यानं ही ठेव बाजूला ठेवली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ असोत की गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या इंग्रजीवरून केलेले अरेबियन नाइट्सचे सोळा खंड, दोन्ही कामं मोठी आहेत, मी दोन्हींची ऋणी आहे. पण दोन्ही इंग्रजीच्या दारातून आली. उर्दू आपल्या इतक्या शेजारी आहे की ती वाट घेण्याचं कारण नाही.

शेजारपणाचे धोकेही आहेत. दास्तानीत ‘देव’ म्हणजे महाकाय राक्षस. "देव आला आणि गावंच्या गावं ओस पडली" हे वाक्य मराठीत ठेवून बघा. ‘राक्षस’ लिहावं तर लंका आठवते. मी शेवटी उर्दू उच्चाराला धरून ‘देओ’ असं लिहिते आणि पहिल्याच वेळी त्याचं वर्णन इतकं ठसठशीत ठेवते की पुन्हा गोंधळ होऊ नये. ‘जादू’ आपल्याला विद्या वाटते. फारसीत तो जादूगारही आहे, म्हणून ‘अफरासियाब जादू’ हे नाव. ते मी तसंच ठेवलं, लोकांना दोन पानांत सवय होते. ‘तिलिस्म’ला ‘मायाजाल’ म्हणावं असं मला चार जणांनी सुचवलं. माया म्हटलं की ज्ञान झाल्यावर ती नाहीशी होते, ती मुळात नव्हतीच, असा अर्थ मागून चालत येतो. तिलिस्म खरं असतं, त्यात माणसं खरोखर मरतात. तो शब्द मी बदलणार नाही.

दुसरी मर्यादा मला जास्त टोचते. या जगात हमजाच्या बाजूचं सगळं योग्य आहे. हरलेल्या जादूगारापुढे धर्म स्वीकार किंवा मर, एवढेच रस्ते. धुराच्या पुलावर एकमेकांना कापणारे हबशी मी वर कौतुकानं सांगितले. पण ते हबशीच का आहेत, हाही प्रश्न आहे. काळ्या कातडीच्या माणसांबद्दल या दास्तानीत उघड तुच्छता आहे. लखनौच्या त्या बैठकीत ही गोष्ट कुणाला खटकली नसेल, आपल्याला खटकते आणि खटकलीच पाहिजे. काही अनुवाद हे हळूच मऊ करतात. मी करत नाही. वाचकाला मी सुरुवातीलाच, आपल्या नावानं, सांगते की हे इथे आहे. मग मजकूर आहे तसा. तळटीपांनी प्रत्येक वेळी माफी मागत बसलं की गोष्ट चालत नाही, आणि पुसून टाकलं तर आपण एकोणिसाव्या शतकातल्या माणसांना त्यांच्यापेक्षा बरं दाखवतो. या प्रश्नावर माझ्याच क्षेत्रातली काही माणसं माझ्याशी सहमत नाहीत.

बाकी, पात्रं बदलत नाहीत ही तक्रार मी मर्यादा म्हणून धरत नाही. हमजाचा शत्रू लका स्वतःला परमेश्वर म्हणवतो, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पळत राहतो, आणि प्रत्येक पराभवानंतर ‘हे मीच नशिबात लिहिलं होतं’ म्हणतो. तो सुधारला तर गंमत संपली. तमाशातला सोंगाड्या शेवटी शहाणा झालेला कुणाला बघायचा आहे?

तुम्ही काय करावं? तीन महिने अडलेलं पान सोडून द्या. जिथे सम्राज्ञी हैरतची बहीण बहार अफरासियाबाची बाजू सोडून बंडखोरांकडे येते, तो भाग काढा. तिची जादू वसंताची आहे. ती फुलांचा गुच्छ फेकते, झाडं मोहरतात, वारा बदलतो, आणि समोरचं सैन्य भान हरपून तिच्या प्रेमात कविता म्हणू लागतं. तो भाग घरात कुणालातरी मोठ्यानं वाचून दाखवा, रात्री जेवणं झाल्यावर, दहा पानं. इंग्रजीतला असला तरी चालेल, वाचताना तुम्ही आपोआप मराठीत सांगू लागाल. २००५ पासून उर्दू समीक्षक शम्सुर रहमान फारूकी यांच्या प्रेरणेनं दिल्लीत दास्तानगोई पुन्हा सुरू झाली. पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसं गादीवर बसून होशरुबा सांगतात. अशा बैठकांची चित्रफीत मिळाली तर आधी ती ऐका. शंभरातले तीस शब्द कळले नाहीत तरी यमकांचा ठेका कानात बसतो, आणि मग पुस्तकातल्या सपाट वाक्याखाली तो ऐकू यायला लागतो.

मिर्झा गालिबनं एका पत्रात आपल्या सुखाचं वर्णन केलं आहे: अमीर हमजाच्या दास्तानीचं भलंमोठं पुस्तक हाती आलं आहे, तेवढीच मोठी ‘बोस्तान-ए-खयाल’ ही दुसरी दास्तानही आहे, आणि कोठीत उत्तम मद्याच्या सतरा बाटल्या आहेत. दिवसभर वाचायचं, रात्रभर प्यायचं. इतका चोखंदळ वाचक, आणि त्याला या पसाऱ्याचा जाच झाला नाही.

माझी चार प्रकरणं आता तयार आहेत. बहारचं प्रकरण त्यात तिसरं. तिचं नाव ‘वसंता’ करा असं सुचवलं गेलं होतं, मी ते ‘बहार’च ठेवलं आहे. मोगऱ्याला, आंब्याला बहार येतो तो शब्द आपलाच आहे. एवढंच की आपल्याकडे तो बहार, तिकडे ती. मावशीला मी विचारलं, चालेल का. ती म्हणाली, "आली की कळेल ना बाई आहे ते."